शेवटचा भाग, रात्रपाळी

मागाच्या खडखडाटात कान काही कामाचे नसतात.
साखर पेठेतला आमचा कारखाना,
आठ माग, चार माणसं,
आणि चौघंही ओठ वाचतात.
चहा. शिवी. कांडी संपली. घरून फोन आहे तुझा.
ती मालिकासुद्धा आम्ही चाळीस शुक्रवार
आवाजावाचूनच पाहिली,
मोबाईल सुतळीनं जकार्डच्या खांबाला बांधून.
काचेवर तूस बसायचं.
जवळ असेल तो बनियननं पुसायचा.

माणसांचं काही अडलं नाही.
त्यांचे ओठ इंग्रजीत हलायचे,
पण "पळा" कुठल्याही भाषेत सारखंच दिसतं.
अडलं ते वरून उतरलेल्यांचं.
उंच, राखाडी, खळ लावून वाळत टाकल्यासारखे.
त्यांना ओठच नव्हते.

मग राजेशम चिप्पानं स्वतःचे दिले.
धोटा उडून ज्याचा एक डोळा गेलाय तो राजेशम.
फोनशेजारी उभा राहायचा, तोंड मोठं करून,
आणि राजधान्या जळत असताना
त्यांचा सेनापती आपल्या जनरलला विचारायचा,
"तिन्नावा रा?"
जेवलास का रे?
जनरल गोळी झाडायचा.
राजेशम आमच्याकडे वळून म्हणायचा,
बघा, उपाशी असणार.

मौलाली हसता हसता ताणा तोडायचा.
इरण्णा बोटं नाचवून दाखवायचा,
टॉवेल किती कमी भरले ते.
मी नवा होतो, गाठ मारायला शिकत होतो,
मला वाटायचं मालिका खरंच अशीच आहे.

एकेक शहर पडलं. सोलापूरचं नाव आलं नाही.
इथं नळाला पाणी पाचव्या दिवशी, इरण्णा म्हणाला,
ते कशाला थांबतील.

शेवटचा भाग मे महिन्यात आला.
पत्रा रात्री अकरालाही तापलेला,
दोन मागांवर पांढरं सूत, सहांवर मोरपंखी.
पडद्यावर एक बाई,
तिचं सगळं गाव संपलेलं,
रिकाम्या हातांनी यानाच्या शिडीशी गेली.
सेनापती वाकला.
राजेशमनं तोंड उघडलं

आणि लाइट गेली.

आठ माग एकदम थांबले की
आधी कानात शिट्टी वाजते,
मग कुत्रं ऐकू येतं,
मग गल्लीत कुणाच्या तरी घागरीत थेंब थेंब.
मग खांबावरून एक आवाज आला.
नुकत्या उठलेल्या पोरासारखा बारीक,
स्वच्छ हिंदीत.
"हम यहाँ इसलिए आए थे कि"
एवढं बोलून थांबला, श्वास घेतला त्यानं.
त्या बाईनंही घेतला.
अंधारात राजेशमचं तोंड अजून उघडंच होतं,
फोनच्या उजेडात
एक दात सोन्याचा.

तेवढ्यात लाइट आली.
इरण्णानं हात वर केला, थांबा, ऐकू द्या.
मालकाचा आतेभाऊ असून इरण्णा म्हणाला, थांबा.
आणि राजेशम गेला, सरळ,
आपल्या मागाचं बटण दाबलं.
मग दुसऱ्या मागाचं.
मग माझ्याही.

पुढचं आम्ही पाहिलं.
यान वर गेलं, बाई खाली बसली,
रडत होती की हसत,
तुसातून नीट कळलं नाही.
कुणी काच पुसली नाही.

आता शुक्रवारी खांबाला नुसती सुतळी आहे.
राजेशम मागामागून ओठ हलवतो, तिन्नावा,
मी मान हलवतो, खाल्लं.

ते वाक्य मी दुसऱ्याच दिवशी घरी ऐकलं,
पुन्हा मागे नेऊन, दोनदा, पूर्ण.
चांगलं आहे. मोठं आहे.
जेवणाचा विषय नाही त्यात.
राजेशमला सांगितलेलं नाही.